तुटक रेघ

मोतीमहालात, पाटबंधारे खात्याच्या नकाशाघरात,
वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा भगोले
दुपारी डुलकी घ्यायचा, ताट्या सुकायच्या,
ब्लूप्रिंटचा अमोनिया डोळ्यांत चढायचा.
त्या तासाभरात आम्ही एक देश काढला.

आम्ही म्हणजे मी आणि शरयू दाणी,
ज्युनियर ट्रेसर, डावखुरी,
करंगळीच्या कडेला कायम शाई.
धरणांच्या नकाशांतून कापून उरलेलं ट्रेसिंग कापड,
म्हणून देशाचं नाव उरवण.

राजधानी कुठे घ्यायची, मी विचारलं.
ती म्हणाली, आधी अवशेष काढू.
पडलंय ते पक्कं असतं,
उभ्याचा काय भरवसा.
खात्याचा नियम : पडक्या बांधकामाला तुटक रेघ.
तिनं मंजी नदीवर तुटक रेघेचा पूल काढला,
मधोमध मोकळा.

अवशेष म्हटले की गोष्ट लागते.
किल्ल्यावरचे गाइड बघ, ती म्हणाली,
दगड दिसला की राणी बसवतात त्यावर.
मग रोज, डबा संपेपर्यंत, थोडी थोडी :

या काठचा गवंडी सोमल.
त्या काठची, पाथरवटाची वेणा.
राजाचा हुकूम, दोन्हीकडून बांधत या,
अठ्ठ्याऐंशी हात तू, अठ्ठ्याऐंशी हात ती.
त्यानं आपल्या हातानं मोजलं, तिनं आपल्या.
पहिल्या वर्षी पलीकडे नुसती धूळ दिसायची,
मग एक लाल ठिपका,
मग ठिपक्याचं पागोटं, ठिपक्याचं लुगडं,
मग छिन्नीचा आवाज, मग खोकला,
तिसऱ्या वर्षी शिव्या.
शेवटचा दगड बसला तेव्हा दोघं समोरासमोर,
मध्ये नदीवरची हवा.

तिचा हात त्याच्या हाताहून चार बोटं आखूड.
मी कागदावर हिशेब केला :
अठ्ठ्याऐंशी वेळा चार बोटं,
चौदा हात, वर सोळा बोटं.

राजानं विचारलं, चुकलं कोण?
दोघं एकदम म्हणाली, मी.
राजाला एका वेळी एकाच गुन्हेगाराची सवय.
निकाल लागला नाही. पूल तसाच राहिला.

पुढे?
पुढे काही नाही, शरयू म्हणाली. टोकांवर बसून राहिली.
मी म्हणालो, सोमल उडी मारतो.
तिनं पोळीचा तुकडा मोडला :
नदी किती खोल, ते काढलंयस का तू?
नव्हतं काढलं.

जानेवारीत तिची बरगीच्या धरणावर बदली झाली.
मी मुरैन्याची गजक दिली, अर्धा किलो,
पुठ्ठ्याच्या डब्यात.
डब्यावर दुकानदाराचा पत्ता होता, माझा नाही.
चुकलं कोण, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

निवृत्त झालो तेव्हा पत्र्याच्या नळीतून उरवण घरी आला,
जनकगंजात, माळ्यावर.
खळीच्या कापडाला कसर लागते.
उत्तरेचे डोंगर गेले, राजधानी गेली
(ती मीच काढली होती, घाईत, फार मोठी),
राजाचा वाडा अर्धा उरला.
एवढ्या देशात पूल तेवढा शाबूत,
म्हणजे होता तसाच तुटका.

परवा मोतीबिंदूची पट्टी निघाली.
डॉक्टर म्हणाले, बारीक काहीतरी वाचून बघा.
मी नळी उघडली, भिंग घेतलं.
पुलाखाली, फटीच्या अगदी सरळ रेषेत,
पॉइंट वनच्या निबानं काढलेली, मुगाच्या डाळीएवढी,
एक नाव.
तिला नाव नाही, तारीख नाही, उतारू नाही.
वल्हं एकच, डाव्या अंगाला.

अडतीस वर्षं मी वरची फट मोजत बसलो होतो.

रेघ पुन्हा पुन्हा तपासली. खिडकीशी नेऊन,
कापड उलटं करून, उजेडासमोर धरून.
तुटक नाही. कुठेही तुटक नाही.
खात्याच्या नियमानुसार अखंड रेघ म्हणजे
बांधकाम वापरात आहे.