पांढरी रेघ

चौथा शाफ्ट. इम्तियाज कोकणीनं
टॉवेलात गुंडाळलेले दोन तुकडे
माझ्या टेबलावर ठेवले
आणि म्हणाला, "वैजूताई, पुन्हा."

अंबडला आमची भट्टी. माल येतो, तापतो,
तेलात बुडतो, परत थोडा तापतो, जातो.
ट्रॅक्टरचे, टेम्पोचे, दिवसाला दोनशे नग.
हा एकटाच नावानिशी येतो.

तुकडा उजेडात धरते.
थकून मोडला असता तर कड्या दिसल्या असत्या,
उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या काठावर
पाणी उतरताना राहतात तशा.
इथं कडी नाही. दाते पिळून निघालेले,
आणि मधोमध एक भोवरा,
लहान पोराच्या टाळूवर असतो तसा.

एकदा गेले होते बघायला.
जानेवारी. निफाडला पारा चारवर.
सिन्नरच्या माळावर, बंद कारखान्यापुढचा सरळ रस्ता.
सत्त्याऐंशीची काँटेसा, पोटात भलत्याच गाडीचं इंजिन,
मागचे टायर इतके रुंद
की कमानी कापाव्या लागलेल्या.
शेजारी शरणपूरच्या नोएलची ऑटोमॅटिक, गुरगुरत.
इम्तियाजनं सुई पाच हजारांवर नेली, धरली,
आणि डावा पाय काढून घेतला.

टण्.

इंजिन बोंबलत राहिलं.
गाडी वीतभरही सरकली नाही.
नोएल चारशे मीटर जाऊन, वळून,
परत येऊन विचारू लागला, काय झालं?

"लोखंड कच्चं होतं," कुणीतरी म्हणालं.
कच्चं नव्हतं.
जुने बारीक टायर घसरायचे, धूर काढायचे,
त्या घसरण्यात शाफ्ट वाचायचा.
ह्या टायरांनी रस्ता सोडला नाही.
इकडे रस्ता घट्ट, तिकडे इंजिन मोकाट,
मधल्यानं जायचं कुठं?
(भट्टीच्या वाटणीत बाबा आणि दादा
दोन टोकांना बसले होते, ती दोन वर्षं
हिशेबाची वही माझ्याकडे होती.)

"अजून कडक कर."
कडक केला तर काचेसारखा जाईल, म्हटलं.
दुसऱ्या तापाला वीस अंश जास्त दिले,
किंचित नरम.
गार झाल्यावर पट्टी लावून
या टोकापासून त्या टोकापर्यंत
पांढऱ्या ऑइल पेंटनं रेघ मारली.
"रविवार झाला की काढून आण."
"मोडला नाही तर कशाला काढू?"
"तेव्हाच काढ."

मंगळवारी आला. शाफ्ट अख्खा.
बहुधा जिंकला होता, गालात हसत होता,
कुठली तरी मिठाईची पुडीही होती.
रेघ निम्म्यापर्यंत सरळ,
पुढं काकडीच्या वेलासारखी
हळूच बाजूला गेलेली.

पुडी तशीच राहिली.
मी चष्मा लावला, बोट रेघेवर ठेवलं
आणि कुठून वळायला लागली
ते शोधत राहिले.