सातवी टोपली

आमच्या पार्कात टोपल्या आठ
आणि आकडे नवापर्यंत.
सहानंतर थेट आठ.
नवखा कुणी पाटीपुढे उभा राहून बोटं मोजतो,
मग आमच्याकडे बघतो.
आम्ही डिस्क पुसत राहतो.

टोपली म्हणजे लोखंडी खांब,
वर साखळ्यांचा झगा, खाली जाळीचं ताट.
डिस्क आत शिरली की
चिल्लरभरला खिसा कुणी झटकावा तसा आवाज होतो.
तेवढ्यासाठी आर्व्हो रात्रपाळीवरून
ट्रक थेट इथे आणून लावतो
आणि झोप पुढे ढकलतो.

पण जागा एकट्या आमची नाही.
दुसरीच्या वाटेत हिबोची जुळ्यांची बाबागाडी,
चौथीपाशी ब्लूबेरी वेचणाऱ्या वाकलेल्या पाठी,
पाचवीच्या खांबावर एक तांबडा कुत्रा
रोज तंगडी वर करून सही करतो.
म्हणून निम्मा खेळ थांबण्याचा.
हात मागे नेलेला, पाय रोवलेले,
आणि मधोमध कुणी आजोबा नाक शिंकरायला उभे.
थांबायचं.
रुमालाची घडी होऊन तो खिशात जाईपर्यंत थांबायचं.

सातवीला मी थांबलो नाही.

तीन वर्षं झाली. मे महिना,
रात्रीचे नऊ आणि अजून ऊन.
बर्चची पालवी उंदराच्या कानाएवढी,
इथे तिला तसंच म्हणतात.
बाकावर कुणीतरी आहे, हे दिसलं होतं मला.
वाटलं, वळेल.
डिस्क शेवटी डावीकडे वळते, तो तिचा स्वभाव.
त्या दिवशी ती सरळ गेली.
वारा होता, असं मी नंतर म्हणालो.
वारा नव्हता.

हिल्का राउतिओ, वय एक्क्याऐंशी.
थर्मासचं झाकण गेलं, कॉफी गेली,
डाव्या करंगळीचं हाड गेलं.
ओरडली नाही.
डिस्क उचलून तिनं मागे लिहिलेलं नाव वाचलं,
मोठ्यानं, शाळेत हजेरी घ्यावी तसं:
तेइयो निस्कला.
मी "हजर" म्हणालो नाही एवढंच.

नगरपालिकेचे दोघे आले,
खांब उपटून टेम्पोत आडवा टाकला.
भोक बुजवलं. वर गवत आलं,
पण त्याचा हिरवा निराळा.

सातवी आम्ही अजून खेळतो.
डिस्क पिशवीत, हात मोकळे,
सहावीहून आठवीकडे तो सगळा उतार चालत.
कार्डावर सातव्या चौकोनात सगळे तीन लिहितात,
कुठेच तीनात न संपवणारा आर्व्होसुद्धा.
असं कुणी ठरवलं नव्हतं.

हिल्का त्याच बाकावर येते.
थर्मास नवा. करंगळी वाकडी,
कप धरला की एकटीच बाहेर राहते, साहेबासारखी.
पहिलं वर्षभर मी तळ्याच्या कडेनं जायचो,
बूट भिजवून.
मग एकदा तिनंच हाक मारली, "निस्कला!
किती लागले सातवीला?"
"तीन."
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या निराळ्या गवताकडे.
"पाच," म्हणाली.
"एक कॉफीचा, एक करंगळीचा."

तेव्हापासून पाच लिहितो.
सुरुवातीलाच दोनांनी मागे असतो.
आर्व्हो जिंकतो आणि चिडतो,
असं जिंकण्यात मजा नाही म्हणतो,
तरी जिंकतो.

परवा सकाळी गवतावर पहिलं दव गोठलेलं,
बुटांखाली साखरेसारखं मोडत होतं.
हिल्का आली होती, लोकरी मोजे दुहेरी घालून.
विचारायच्या आधीच म्हणाली,
"आजपासून चार लिही.
कॉफीचा सोडला."

करंगळीचं ती बोलली नाही.
मीही काढलं नाही.
आठवीवर आलो, डिस्क पुसली, पाय रोवले.
समोर तांबडा कुत्रा
नवा खांब हुंगत होता, घाई नव्हती त्याला.
त्याचं होईपर्यंत थांबलो.