पहारेकऱ्याची ओळ

बावीस वर्षं मी ह्याच राजाला मारत आलेय,
दर मार्चमध्ये, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला.
तोवर न्यूफाउंडलंडच्या ह्या खाडीत बर्फ अडकून बसलेला असतो,
आतून कुणी दार ठोठावावं तसा रेडिएटर वाजतो,
आणि पंधरा जोडी बुटांखाली पंधरा डबकी.

नाटक जुनंच. राजा शपथ घेतो :
पहाट होईतो वेशीचं दार उघडायचं नाही, कुणासाठीही.
बाहेर त्याचाच मुलगा, मुलाच्या पाठीवर शत्रू.
पाचव्या अंकात दार उघडतं.
उघडल्यावर काय दिसतं ते नाटककार सांगत नाही,
फक्त राणी अंगावरची शाल काढते
आणि ती हातात घेऊन बाहेर जाते.

फळ्यावर मी लिहिते : नायकाचा दोष.
खाली रेघ.
"अहंकार," मुलं म्हणतात,
मागच्या वर्षीच्या मुलांसारखीच, आपल्या आईबापांसारखीच.
पाच गुण. मीही देऊन टाकते.

पुस्तकंही तीच. मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून
शाळेनं नवी घेतलेली नाहीत.
पहिल्या पानावर नावांखाली नावं :
कुणी बोटीवर गेलं, कुणी अल्बर्टात तेल काढायला,
कुणी टेकडीवर, चर्चच्या मागे.

यंदा मी पुस्तकं न बघता वाटली.
निदान असं स्वतःला सांगते.
लिअँडर पार्डीला आलं अकरा नंबरचं.
आत निळ्या शाईत त्याच्या बापाचं नाव, एलाय,
आणि चौऱ्याण्णवाव्या पानाच्या समासात, पेन्सिलीनं :
उघड की, गाढवा.
सोळा वर्षांचा होता एलाय. मी खोडरबर दिलं होतं.
त्यानं नुसतं खिशात टाकलं.

पुढे तो किनाऱ्यावरच्या रेडिओ-खोलीत लागला.
तीन हिवाळ्यांपूर्वी, रात्री, त्याच्या कानात
एका बोटीवरून हाक आली
आणि सेंट जॉन्सहून हुकूम यायला चाळीस मिनिटं लागली.
नियमाप्रमाणे तो थांबला.
चौकशीत कुणी त्याला दोष दिला नाही.
दुकानात लोक त्याला रांगेत पुढे जाऊ देत,
इतक्या अदबीनं,
की आता तो दुकानात जात नाही.

लिअँडर वर्गात बोलत नाही, म्हणून त्याला
सगळ्यात लहान काम दिलं : तिसरा पहारेकरी.
एकच ओळ.
दयाच होती मनात. दयेचं हे असं असतं,
पान बघून येत नाही.

चौऱ्याण्णव.
वेशीबाहेरून मुलगा हाक मारतो,
म्हणजे कॉर्मॅक, सर्दीनं घसा बसलेला.
लिअँडर उभा राहिला. उभं राहा असं कुणी म्हटलं नव्हतं.
बोट समासावर.
"आवाज ओळखीचा आहे," त्यानं वाचलं,
"पण मला हुकूम नाही."

रेडिएटर ठोठावत होता.
खिडकीपाशी बर्निस टोबिन.
त्या बोटीवर तिचा मामा होता.
मला वाटलं, आत्ता घंटा व्हावी,
नाहीतर आगीचा भोंगा वाजावा, काहीही.
घंटेला अकरा मिनिटं होती.

बर्निसनं बाहीला नाक पुसलं.
"पुढचं माझं आहे," म्हणाली,
आणि लिअँडर खाली बसेपर्यंत थांबली,
मग राणीचं वाचत सुटली, जरा भरभर,
स्वल्पविरामांवरून उड्या मारत.
एरवी मी टोकलं असतं.

एप्रिलात पेपर तपासायला बसले.
अहंकार, पाच. अहंकार, पाच. हट्ट, चार.
लिअँडरनं लिहिलंय :
राजा झोपला होता. जागं कोण होतं ते विचारा.
एवढंच. ना दाखला, ना स्पष्टीकरण.
बर्निसनं तो प्रश्नच सोडून दिलाय.

बाहेर खाडीतला बर्फ फुटतोय, बार उडाल्यासारखा.
लिअँडरचा पेपर गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवला,
पुन्हा वर घेतला.
लाल पेनाचं टोपण काढलेलं, चहावर साय.

गुण शुक्रवारपर्यंत कळवायचे आहेत.