ढील

पिरनवाडी सोडली की पहिला टक.
भारतीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर.
किणयेच्या वळणाला दुसरा, गतिरोधक ओलांडला की लगेच तिसरा.
दुसऱ्या गिअरात, अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास,
मूठ केसभर पिळावी आणि गाडीनं
चिमटा काढल्यासारखं पुढं उडावं,
सोडावी तर ठेच लागल्यासारखं थांबावं.
मधलं काही तिला ठाऊकच नाही.

कणकुंबीच्या आरोग्य केंद्रात भारती सोमवारी हजर होते.
उतरते, मोजे काढते, केस सारखे करते
आणि सांगते फक्त आकडा.
"सतरा."
तक्रार नव्हे. पेशंटचा ताप सांगतात तसा.

मी उद्यमबागेत फाउंड्रीला पॅटर्न करून देतो.
लाकडात अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं
तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.
म्हणून मग बोनसमधनं सायलेन्सर आला,
पुण्याहून, फोममध्ये गुंडाळलेला, बाळंतविड्यासारखा.
गाडीचा आवाज घोगरा झाला. शेजारचे गवंडळकर गॅलरीत आले.
सतरा.
हँडल वर उचलणारे रायझर. पाठ सुखावली. सतरा.
धुक्यासाठी पिवळे दिवे, क्रॅश गार्ड,
उंच काच, जिच्यामागं वारा गप्प
आणि टक जास्तच स्पष्ट. एकोणीस.
कोल्हापूरच्या एका पोरानं लॅपटॉप लावून
इंजिनाचं डोकं नव्यानं लिहिलं.
"आता बघा, लोणी," म्हणाला.
लोणी जांबोटीपर्यंत टिकलं.
पंधरा.

थर्ड गेटजवळ बसलिंगप्पाचं दुकान. पाटी कानडीत,
उधारीची वही मराठीत, शिव्या दोन्हींत.
त्यानं ना दिवे पाहिले ना सायलेन्सर.
उकिडवा बसून चेन बोटानं वरखाली केली,
मागचं चाक धरून पुढंमागं हलवलं, कान लावून.
आतले रबर मेलेले. "हे कुणी बघिटलंच न्हाई?"
पावणेचारशेचे रबर. चेन दोन खुणा मागं.
मग मुठीपाशी आला. तिथं मीच
केबलीची सगळी ढील काढून टाकलेली, रात्री जागून,
पॅटर्नवाल्याच्या हातानं, कागद सरकणार नाही अशी.
त्यानं हँडल डावीकडं पूर्ण वळवलं.
उभ्या गाडीचं इंजिन आपोआप चढलं,
मुठीला कुणाचा हात नसताना.
तो माझ्याकडं बघत राहिला.
"स्वल्प लूज बिडबेकु, सर.
एवढं वढून धरलासा तर वळताना ती काय करणार?"
नट सैल केला. दोन मिलिमीटर. अंदाजानं, पट्टी न लावता.

त्या सोमवारी अंधारातच निघालो.
किणये गेलं. जांबोटीच्या चौकात भज्याची कढई नुकती चढलेली,
पुढं काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
आणि खडी उखडलेला तो पट्टा,
तिथं मी सवयीनं दात आवळलेले.
गाडी दुसऱ्यात, मुंगीच्या पावलानं.
सागवानाच्या रेषेनं रंधा लागावा
आणि एकच लांब साल निघत यावी,
न तुटता,
तशी मूठ.
एकही नाही.

आठ किलोमीटर. दहा.
मागं ती आहे की नुसती बॅग?
आरशात खांदा दिसेना, लाल धूळ तेवढी.
आधी दर दोन-तीन मैलांना कळायचं.
हाक मारावी तर काचेमागं माझाच आवाज मला.
चिखलेच्या फाट्याला मी मूठ
थोडीशीच, झटक्यानं
पिळली.

टक.

"हा धरायचा नाही,"
ती मागनं म्हणाली.