जमा-नावे

हर्णैहून निघालो तेव्हा डबीत तीन हजार चारशे होते
आणि ताहेराच्या मामूच्या ॲक्टिव्हाला
एकच डोळा, तोही तिरळा,
रस्ता सोडून काजूच्या झाडांवर उजेड पाडणारा.
खर्चाची वही माझ्याकडे.
पतसंस्थेत अकरा वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले,
आपले मोजायला असा किती वेळ लागणार.

पेट्रोल, चहा, दाभोळची फेरी, चहा.
गुहागरात खोली. गरम पाणी नाही म्हणून
पन्नास कमी करून घेतले
आणि सकाळी तांब्यागणिक त्या पन्नासांना शिव्या घातल्या.
जानेवारीत समुद्र गार नसतो.
गार असतो तो मतलई वारा,
डोंगरातून उतरून, माणसं उठायच्या आत
आपल्या अंगावरून समुद्राकडे जाणारा.

भांडण हेदवीच्या उतारावर झालं.
तिनं मला न विचारता सोडे घेतले होते,
पाव किलो, चारशे ऐंशी.
"आपाला आवडतात."
"आपा काय उपाशी मरतेय?"
त्यानंतर वाटभर कुणी बोललं नाही.
डिकीतला वास तेवढा बोलत राहिला,
आणि जिथे थांबू तिथे एक नवं मांजर
आधीपासून येऊन बसलेलं.

तवसाळला पोचलो तर शेवटची बोट गेलेली.
समोर जयगड, इतकं जवळ
की तिकडे कुणी विडी पेटवली तर दिसावी.
मध्ये खाडी, काळी, भरतीची.
मागे घाटी, आणि पेट्रोलचा काटा
लाल रेघेच्याही खाली निजलेला.
"म्हणजे बेटच झालं हे," ताहेरा म्हणाली.
हेदवीनंतरचं पहिलं वाक्य.

तिकिटाच्या टपरीमागे बाकडं होतं.
एक ओढणी, पावसाळ्यातले दोन रेनकोट.
तिचे दात वाजत होते, माझेही,
पण तालात नाही.
मी म्हटलं, सरक.
ती म्हणाली, पगार झाला की देऊन टाकीन चारशे ऐंशी.
मी म्हटलं, सरक गं आधी.

मग मोबाईलचा उजेड आला,
उजेडामागे खारव्यांची द्वारकाबाय, डोक्याला टॉवेल गुंडाळून.
"पोरींनू, हितं का निजताव?
कोल्हं येत नाय, पन गारठा येतो. पडवीत येवा."

पडवीत जाळ्यांचा ढीग,
लुगड्यांच्या दोन गोधड्या, धुराचा नि मासळीचा वास.
कोरा चहा, गवती चहाची पात टाकून.
नाव विचारलं तिनं, गाव विचारलं.
"हर्णैची? मंग तर तुला मासळी कळाय होवी."
ताहेरा गप्प. मी गोधडीत तोंड घालून हसले,
आणि मग तीही.

सकाळी शंभराची नोट पुढे केली.
"हाटेल हाय काय हे?"
तेव्हा ताहेरानं डिकीतून सोड्यांची पिशवी आणली,
आणि दर्यावरच्या घरात सुकी मासळी भेट दिली.
द्वारकाबायनं हुंगून पाहिलं.
"भिजकं हायत. फसवलानी तुला."
आत गेली, डबा घेऊन आली
आणि आपल्याकडचे दोन ओंजळी सोडे त्याच पिशवीत ओतले.

बोटीत मी वही उघडली.
फेरी, दोघी, एक गाडी. लिहिलं.
खाली लिहिलं: गोधड्या दोन. चहा चार. सोडे, दोन ओंजळी.
पुढचा रकाना कोरा.
जमेला घेऊ की नावे टाकू, कळेना.
असं अकरा वर्षांत झालं नव्हतं.
ताहेरानं पेन ओढून घेतलं
आणि त्या रकान्यात एक मांजर काढलं,
शेपटी पार पुढच्या पानावर गेलेली.

पलीकडच्या धक्क्यावर फळी खणकन आदळली.
आमच्यामागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता
आणि गाडी काही सुरू होत नव्हती.
उरले एक हजार दोनशे दहा.
पेट्रोलपंप किती लांब,
हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.