सुकतीचा रकाना

तरीवरचा दाऊद होडेकर म्हणाला,
बाई, कागद भिजतील, मधल्या फळीवर बसा.
बसले. मांडीवर एकशे बारा तक्ते,
घराला एक.
बेटाचं नाव वाघजुवा. वाघ कुणी पाहिलेला नाही.
भूकंपही
तिघांनीच पाहिलाय, म्हणजे ऐकलाय:
कोयनेच्या साली, पहाटे,
फडताळातल्या बशा एकमेकींशी बोलायला लागल्या
आणि खाडी, म्हणे, क्षणभर उभी राहिली.

पहिलं घर. भिंत चिऱ्याची, सांधा मातीचा,
वर मुंबईच्या पैशाचा स्लॅब.
मी बोटाच्या पेराने गिलावा वाजवते,
डॉक्टर पाठ वाजवतो तशी.
पोकळ.
लिहिते: पोकळ.
रुकय्या सोलकर विचारते, काय म्हणते भिंत?
म्हणते, कोपऱ्यात दोघी शेजारी उभ्या आहेत,
पण एकीने दुसरीचा हात धरलेला नाही.
ती हसते.
म्हणजे आम्हा जावांसारखंच की.

नववं घर धाकू गवंड्याने बांधलेलं. चौदावंही.
विसावंही.
तो मागे मागे येतो, विडी न पेटवता.
चाळीस वर्षं झाली, एक चिरा हलला नाही.
हलवलाच नाही कुणी, धाकूभाऊ.
तो बोलत नाही. माझ्या पिशवीतला ओळंबा उचलतो,
स्वतःच्याच भिंतीला लावतो
आणि दोरी थांबेपर्यंत श्वास धरून उभा राहतो.
बोटभर फरक.
तो फरक मी लिहिला नाही.
त्यानेच सांगितलं, लिवा.

तक्त्यात प्रश्न एकतिसावा:
जवळच्या दवाखान्याचं अंतर.
चार किलोमीटर, मी लिहीत होते.
रुकय्याने पेन्सिल धरली.
भरतीला, की सुकतीला?
सुकतीला होडी चिखलात बसते, पाच तास,
माणूस मांडीपर्यंत रुततो,
बाळंतीण असली तर पाणी येईपर्यंत
आम्ही तिला गोष्टी सांगतो.
धरणी काय भरती बघून हलणार आहे?

मी एकशे बारा तक्त्यांच्या समासात
पट्टीने रेघ मारली.
सुकतीला: पोचत नाही.
सुकतीला: पोचत नाही.
एका ओळीचं इतकं वजन मी
कुठल्याच छपरात मोजलं नव्हतं.

जिल्ह्यातून उत्तर आलं, नमुना ठरलेला आहे,
रकाना वाढवता येणार नाही.
पैसे आले एका इमारतीपुरते. शाळेच्या.

धाकूने दारांच्या डोक्यावरून सळ्यांचा पट्टा फिरवला,
चारही कोपरे आतून शिवले,
शिवताना पोरांना जवळ उभं केलं.
पोरं म्हणाली, शाळेला करगोटा बांधला.
रुकय्याने जुन्या जाळ्याच्या दोरीने
कपाट भिंतीला आवळलं, शेजारणीचंही, जावेचंही.
आणि मोडीत निघालेल्या तीन होड्यांच्या फळ्या
सुकतीच्या चिखलावर ओळीने पडल्या,
धक्क्यापासून थेट खोल पाण्यापर्यंत.
त्या कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हत्या.

रंगीत तालमीला दाऊद जखमी झाला.
झोळीत पडल्या पडल्या सूचना देत होता.
अठराव्या फळीवर पुढचा गडी कलंडला,
जखमी चिखलात, बेट हसून हसून वाकडं.
पुन्हा उचलला.
बावीस मिनिटं.
मी समासात पाच तास खोडून बावीस लिहिलं,
मग खोडलेलं तसंच दिसू दिलं,
कारण रात्रीची तालीम अजून झाली नव्हती,
आणि पावसाळ्यात त्या फळ्या कुठे असतील
ते कुणालाच माहीत नव्हतं.

चिपळूणला परत आले. तिसरा मजला, भाड्याची खोली,
खाली दुकानं, दुकानांना भिंतीच नाहीत, नुसते खांब.
झोप येईना म्हणून उशाची भिंत
बोटाच्या पेराने वाजवली.
पलीकडून कुणीतरी
उलट वाजवली.

एक तक्ता शिल्लक आहे.
मालकाला कसं सांगू, या विचारात
अजून नुसतं नाव लिहिलंय.