पाहिजे, करावे, चालेल

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या खोलीत
मी मसुदा वाचतो.
मुलगी असून 'वाचतो'. आमच्याकडे असंच म्हणतात,
कुठल्या मानकात बसतं ठाऊक नाही.

तीनशे सोळा पानं. पहिल्यावरच तीन शब्दांचे अर्थ:
'पाहिजे' म्हणजे सुटका नाही,
'करावे' म्हणजे सबळ कारण असेल तर सुटका,
'चालेल' म्हणजे आमचं काही म्हणणं नाही.
एवढं स्वच्छ
आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नाही.

खाली आप्पा पंपाचं ड्रॉइंग पसरतात,
चारी कोपऱ्यांवर चार नट.
"हे पाणी पाजणाऱ्यासाठी नव्हं," म्हणतात,
"त्याला धार पायजे, बास.
हे मला. आन् माझ्यामागनं
जो शाफ्ट बसवंल त्याला. त्याचं तोंड मी बघितलेलं न्हाई."

माझा मसुदा तर मलाही नाही.
तो ब्राउझर घडवणाऱ्यांना, दूर कुठेतरी.
'लेखकाने असे करू नये', म्हणतो,
आणि लगेच खाली, केलंच तर यंत्राने काय करावे
त्याच्या एकोणीस पायऱ्या.
माझी चूक आधीच धरलेली,
पंगतीत दहा पानं जादा मांडतात तशी.

संध्याकाळी बाबालाल मुल्ला येतात,
जुने फिटर. साखरेनं डोळे नेले.
आमच्या दुकानाचं पान फोनला वाचायला लावतात,
मीच केलेलं, मला फार देखणं वाटणारं.
फोन म्हणतो: चित्र. चित्र. चित्र. बटण.
"नुसतं बटण?" ते हसतात. "दाबू का नको गं?
उगं मशीन चालू व्हायची."

रात्री पुन्हा मसुदा.
दोनशे चाळिसाव्या पानावर, बारीक अक्षरात:
बटणाला नाव असलेच पाहिजे.
कुणासाठी, ते लिहिलेलं नाही.
'वापरणारा' एवढाच शब्द, तोही एकदाच,
आणि बाबालालचाचा हे पान
कधीही उघडणार नाहीत.

मी दोन शब्द टाकले: मागणी पाठवा.
चित्रांनाही एकेक ओळ. पंप. पुली.
आणि आप्पा, लेथपाशी, पाठमोरे.

सकाळी जिन्यातून हाक:
"अगं, त्या बाबालालनं
दोन वायसर मागवल्यात. दोनच.
काय करणार हाय त्यो त्यांचं?"